कार्ताहेना : चार दिवसांचा बेत

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत जाणार असून तेथून आम्ही उभयता चार दिवस कोलंबियातील कार्ताहेना पाहू इच्छितो. ओढ इतिहासाची, आहार शाकाहारी. बेत कसा आखावा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : १५३३ मध्ये वसलेल्या या बंदराची तटबंदी आणि सान फेलिपे किल्ला १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, किल्ला सकाळीच पाहावा, कारण तेथील ऊन जळगावच्या मे महिन्याइतके चढत नसले, तरी दमट हवेने जीव नकोसा होतो. एक संपूर्ण दिवस सान बासिलियो दे पालेंकेसाठी राखून ठेवा. गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेल्या या गावाने स्वतःची भाषा आणि ढोलवादन आजही जपले असून, आमच्या मते सहलीचे सार तेथेच आहे. किनाऱ्याला अर्धा दिवस पुरे. जेवणात नारळाचा भात आणि पाताकोन, म्हणजे कच्ची केळी तळून, चेपून पुन्हा तळलेल्या चकत्या, खुशाल मागवाव्यात (केळीच्या मुलखातल्यांना अधिक काय सांगावे!). ऑक्टोबरचा पाऊस टाळून डिसेंबर ते मार्चमध्ये जावे. कोलंबियाहून सहा दिवसांच्या आत भारतात परतणार असाल, तर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस शासनमान्य केंद्रात घ्यावी आणि साठी ओलांडली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.