आजीच्या हातचं परत करायचंय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आजी रत्नागिरीकडची. गणपती झाले की मोठ्ठ्या पिवळ्या काकडीचं एक गोड करायची, काळपट, वड्या पाडून खायचो आम्ही, पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर पण निखारे एवढं मला आठवतंय. नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. काकडी, रवा, गूळ घालून केलं तर शिऱ्यासारखं गिच्च झालं. काय चुकतंय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अहो हे धोंडस! गोव्याकडे तवसळी म्हणतात. तुम्हाला वाटतंय तेवढं काही हरवलेलं नाहीये, कोकणात अजून होतं घरोघरी. आणि निखाऱ्यांचं लक्षात राहिलंय ना, मग अर्धं काम झालंच, कारण गंमत सगळी वरच्या आचेतच आहे.

तुम्ही रवा बहुतेक गव्हाचा घेतलात. इथे तांदळाचा लागतो, तांदूळ धुऊन वाळवायचे आणि मिक्सरला जाडसर फिरवायचे, अगदीच वेळ नसेल तर इडली रवा घ्या, चालतो. काकडी म्हणजे सॅलडची हिरवी नाही, पिकलेलं तवसं हवं, बिया काढून किसायचं (आधी टोकाचा तुकडा चाखा, कडू निघालं तर सगळं वाया) आणि सुटलेलं पाणी अजिबात फेकायचं नाही, रवा त्याच पाण्यात शिजतो. वाटीभर रवा तुपावर खमंग भाजून घ्या, मग दोन वाट्या कीस पाण्यासकट, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ असं उकळवा, त्यात रवा, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, आणि झाकून एक दणदणीत वाफ. लोक इथेच थांबतात आणि म्हणून शिरा होतो! आता हे पातेल्यात तळाला हळदीचं पान घालून त्यावर थापा आणि ओव्हनला 180 डिग्रीवर पाऊण तास ठेवा, कडा सुटून वरून लालसर काळपट दिसलं पाहिजे. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून मंद गॅसवर, आणि खालची बाजू झाली की ताटलीवर उपडं करून परत आत सरकवा. गूळ काळसर घ्या पण चिक्कीचा नको, तो कडक होतो. आणि वड्या पूर्ण गार झाल्यावरच पाडा, गरम असताना सुरी लावली की भुगा.

प्रश्न : पणजीची वही सापडलीय. अनारशांना "पीठ एक मापटं, गूळ तेवढाच" लिहिलंय. मी वाटीला वाटी घेतलं, तुपात सोडले तर सगळे हसले, म्हणजे तुपातच विरून पसरले. मापटं म्हणजे नक्की किती?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. पण ही धान्य मापायची मापं, आणि ती गावोगाव थोडी वेगळी असायची त्यामुळे ग्रॅमचा नेमका आकडा शोधत बसू नका. (वहीत पुढे कुठे वजनाचा शेर आला तर 80 तोळ्यांचा पक्का शेर साधारण 933 ग्रॅमचा, म्हणजे पावशेर 233, आपण भाजीवाल्याकडे पावशेर म्हणून 250 घेतो तो नाही.)

तुमचं खरं दुखणं वेगळंय. "तेवढाच" हे वजनाला तेवढाच असं धरा. ओलसर दळलेलं पीठ हलकं असतं, वाटीत भुरभुरीत बसतं, किसलेला गूळ दाबून बसतो, म्हणजे वाटीला वाटी घेतली की गूळ जास्त झाला आणि अनारसे हसणारच की! उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळा, एकच तळून बघा, मग पुढचे. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवत राहायचं. बाकी तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलणं हे तुम्ही केलं असेलच असं धरते.

प्रश्न : आईला विचारलं की म्हणते "अंदाजाने घालायचं गं". मी कॅनडात, सहा महिन्यांनी जाणार भारतात. लिहून कसं घेऊ?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : आईला विचारूच नका, तिला करू द्या. पिठाचा डबा, तेलाची बरणी, मिठाचं भांडं स्वयंपाकाच्या आधी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, तिचं सगळं झालं की परत ठेवा, जो फरक येईल तो तिचा अंदाज. मध्ये मध्ये "किती घातलंस" विचारलं की ती सावध होते आणि हात बदलतो, मोजून घालायला लागते. आणि कढईचा व्यास मोजा, तिथून निघताना डाळीचं, तांदळाचं नाव पण पिशवीवरून लिहून घ्या, कारण टोरांटोत "भात बिघडला" चं कारण नव्वद टक्के वेळा तांदूळच असतो.