वाण नाही, वान!

प्रश्न असा आहे: जलरंग, तैलरंग, पेस्टल शिकताना कुणी 'रंग कालवा' म्हणतं, कुणी 'चढवा', कुणी नुसतंच 'मिसळा'. हे सगळं एकच का? आणि 'छटा' आणि 'झाक' यांत फरक काय?

आधी एक राग काढून टाकतो. लाल-पिवळा एकत्र करून नारिंगी केला की हल्ली त्याला 'रंगसंगती तयार केली' म्हणतात. अहो, संगत शेजाऱ्याची असते, पोटात गेलेल्याची नव्हे! रंगसंगती म्हणजे रंग एकमेकांशेजारी शोभणं. बशीत केला तो नुसता मिश्ररंग.

'मिसळणे' कुठेही चालतं, ते सोडून देऊ. 'कालवणे'ला ओल लागते आणि ढवळणारा हात लागतो. भुकटी पाण्यात कालवतात, तैलरंग पॅलेटवर पात्याने एकमेकांत कालवतात. जलरंगात पिवळ्याचा थर वाळला आणि वरून पातळ निळा दिला, तर हिरवा दिसतो खरा, पण तिथे कालवलं काहीच नाही. निळा चढवलाय आणि खालचा पिवळा त्यातून डोकावतोय. पेस्टलचा खडू तर कोरडाच, तो कशात कालवणार? लाल रेघांच्या मधूनमधून पिवळ्या रेघा ओढायच्या आणि चार पावलं मागे सरायचं. नारिंगी डोळ्यातच तयार होतो.

या शेवटच्या प्रकाराला, म्हणजे रंग न कालवता नुसत्या शेजारामुळे वेगळा दिसण्याला, मराठीत शब्द नाही, अशी कुरकूर नेहमी ऐकतो. शब्द नसेल, म्हण आहे की! 'ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.' ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा. पवळ्यात मला पोवळं दिसतं, म्हणजे तांबूस. बैल दोन, रंग दोन, आणि 'वाण' म्हणजे 'वर्ण'. सुवासिनीचं वाण आणि वाणसामान इथे आणूच नका. 'वाण म्हणजे जात' असं ठासून सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की मग बैलांची नावं रंगांवरून का ठेवली?

यावर व्याकरणवाले म्हणतात, वर्णाचा 'वाण' होणारच नाही. कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान, चूर्णाचा चुना, सुवर्णाचं सोनं. 'र्ण'चा मराठीत 'न' होतो. अगदी बरोबर! म्हणूनच मूळ शब्द 'वान' आहे. संतवाङ्मयातलं 'वानणे', म्हणजे वर्णन करणे, स्तुती करणे, त्याच घरातलं, आणि त्याने आपला 'न' सोडलेला नाही. 'फुलावानी' मधला 'वानी'ही मी त्याच घरात बसवतो. आजही 'वान नाही पण गुण लागला' म्हणणारे भेटतात आणि त्यांना न-ण कळत नाही म्हणून लोक हसतात. माझा तर्क असा, की हसणाऱ्यांनीच 'पानी'चं 'पाणी' करण्याच्या उत्साहात बिचाऱ्या वानालाही 'ण' चिकटवला. कोशात 'वाण' छापलंय, हे मला सांगू नका. कोश ऐकलेलं टिपतो, आणि ऐकवणारे कोण होते तेही बघावं लागतं.

आता म्हणीचा रंगाशी संबंध. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ. विणकामातला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. दोष काळ्यात नव्हताच. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तो मरत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. खात्री करायची तर राखाडी खडूचा एकच तुकडा घ्या, त्याने एक ठिपका नारिंगी कागदावर भरा आणि एक निळ्या कागदावर. पहिला निळसर वाटेल, दुसरा तांबूस. खडू तोच, वान तोच. गुण शेजाऱ्याचा.

हां, छटा आणि झाक राहिलंच. एकाच रंगाची फिकट-गडद रूपं म्हणजे छटा. झाक परक्या रंगाची असते: 'निळा, पण हिरवट झाक आहे.' दोन्हींना 'शेड' म्हणणाऱ्यांचा समाचार पुन्हा कधीतरी घेईन.