नव्या शहरात मॅप न लावता रस्ते लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की नव्या शहरात येऊन बरेच महिने झाले, तरी मॅप लावल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि हल्लीच्या काळात रस्ते लक्षात ठेवायची गरज तरी आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे. गरज आहे.

बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा मी संध्याकाळी पायी फिरायचे. जायचं एका रस्त्याने, यायचं दुसऱ्या. नवरा म्हणायचा, "फोनमध्ये सगळं आहे, डोक्यात कशाला भरून ठेवतेस?" पहिल्याच पावसाळ्यात सासरे आमच्याकडे आले असताना एका रात्री त्यांना धाप लागली. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, नेटवर्कही नाही. नवरा गाडी काढून फोन हातात धरून बसला. निळा ठिपका जागच्या जागी होता, पण त्याच्याखाली रस्ते काही उमटेनात, नुसता करडा चौकोन. मी त्याला शेजारच्या सीटवर सरकायला सांगितलं.

हॉस्पिटलचा नेहमीचा रस्ता रेल्वेखालच्या बोगद्यातून जातो. त्या बोगद्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर गाळाची रेघ आहे. पायी जाताना ती मी पाहून ठेवली होती, त्यामुळे अशा पावसात तिकडे फिरकायचंच नाही हे मला ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीपाशी वळायचं टाळून सरळ गेले, शाळेमागची गल्ली धरली. झाडाच्या मुळांनी उचकटलेला फूटपाथ हेडलाइटमध्ये दिसला तेव्हा गल्ली तीच याची खात्री पटली. तिथून उड्डाणपूल, आणि पुलाखाली उतरलं की हॉस्पिटल. सासऱ्यांना वेळेत ऑक्सिजन मिळाला.

त्यानंतरही नवऱ्याचं म्हणणं काय, तर "तुला ते उपजतच येतं." हे मला अजिबात मान्य नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो, असं मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्या अभ्यासात २००० साली दिसलं. मग पुढे शिकाऊ चालकांचीच आधी आणि नंतर तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: सुरुवातीला सगळे सारखेच होते, पण जे शिकून परीक्षा पास झाले त्यांच्यात तो हिस्सा वाढलेला निघाला. म्हणजे हे सरावाने येतं.

आता तुमचं. मॅप बघा, पण निघायच्या आधी. वळणं कुठली, खुणा कुठल्या ते बघून फोन खिशात टाका. "पुढे उजवीकडे वळा" हा आवाज आधी बंद करा, तो चालू असला की आपण रस्ता बघतच नाही. नकाशा आपल्याबरोबर गरागरा फिरतो ते सेटिंग बदलून उत्तर दिशा कायम वर ठेवा, म्हणजे दिशा डोक्यात बसतात. खूण म्हणून दुकानाची पाटी धरू नका, पाट्या बदलतात. पूल, टाकी, चढ-उतार, रेल्वेलाइन धरा. आणि चाला. गाडीतून हे जमत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा आधीच डाउनलोड केला असता तर त्या रात्रीही चाललं असतं, हा नवऱ्याचा आवडता मुद्दा. डाउनलोड जरूर करा. पण कुठे पाणी तुंबलंय हे डाउनलोड केलेला नकाशा सांगत नाही.

काही जणांना दिशांचं भान मुळातच कमी असतं, त्यांना वेळ जास्त लागेल. आणि रात्री अनोळखी भागात एकट्याने जायचं असेल तर मॅप लावाच, आवाजासकट. वरचं सगळं दिवसासाठी आणि घराच्या आसपासच्या रस्त्यांसाठी.