होमस्टेच्या साइटसाठी दोन हजार बॅकलिंक्स विकत घ्याव्यात का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरला तुमच्या आईवडिलांचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, वर्डप्रेसवरची साइट तुम्ही स्वतः बनवलीत, आणि आता एक एजन्सी महिना सहा हजारांत दोन हजार बॅकलिंक्स, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स, देते म्हणतेय. शिवाय तुमच्या लेखांखाली रोज तीस-चाळीस परदेशी कमेंट पडतायत, त्या कशा थांबवायच्या हेही विचारलंय.

हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. तुमच्या लेखाखाली जो कचरा पडतोय, तो कुणीतरी पैसे मोजून घेतलेला असाच एक गठ्ठा आहे. तुम्ही सहा हजार दिलेत की तोच कचरा तुमच्या होमस्टेच्या नावाने दुसऱ्यांच्या अंगणात पडायला लागेल. पैसे देऊ नका.

आता कारण. १९९८ साली गूगल सुरू झालं ते पेजरँकच्या जोरावर. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत, आणि मत देणाऱ्या पानाकडे स्वतःकडे जितकी मतं, तितकं त्याचं मत वजनदार. पुढे ब्लॉग आले, आणि प्रत्येक लेखाखाली नाव, ईमेल आणि वेबसाइट लिहायच्या चौकटी आल्या. म्हणजे कुणीही यावं आणि स्वतःला मत देऊन जावं. मग ते काम माणसांऐवजी सॉफ्टवेअर करू लागलं. वर्डप्रेसच्या पानावर ठरावीक शब्द असतात, ते शोधायचे, फॉर्म भरायचा, पुढच्या साइटवर जायचं. मजकूरही साच्यातून निघतो: महिरपी कंसात 'छान', 'उत्तम', 'अप्रतिम' असे पर्याय ठेवलेले असतात आणि दर वेळी त्यातला एक उचलला जातो. कधी सॉफ्टवेअर चुकतं आणि सगळे पर्याय कंसासकट छापले जातात. तुमच्या स्पॅमच्या फोल्डरमध्ये नीट पाहा, तसा एखादा नमुना सापडेल.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. ती लिंकला लावली की त्या मताचं वजन पुढे जात नाही. वर्डप्रेसने कमेंटमधल्या लिंकना ती आपोआप लावायला सुरुवात केली. २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की यापुढे ही खूण आम्ही आज्ञा न मानता इशारा मानू, आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी 'यूजीसी' ही वेगळी खूण दिली. आज वर्डप्रेस दोन्ही लावतं. म्हणजे एजन्सीच्या दोन हजारांपैकी कमेंटमधल्या बहुतेक लिंक्स जन्मापासूनच बिनवजनाच्या आहेत.

मग हा धंदा अजून चालतो कसा? कारण विकली जाते ती एक्सेल शीट. महिन्याअखेरीस दोन हजार ओळींची यादी येते, गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं, आणि पाठवणाऱ्याला एका कमेंटचा खर्च जवळजवळ शून्य. त्या यादीतली कुठलीही पाच पानं उघडायला सांगा आणि विचारा, इथून माझ्याकडे एक तरी पाहुणा येईल का? या एका प्रश्नाने बहुतेक बोलणी संपतात.

मोठ्या दुकानांनीही हे भोगलंय. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी साखळीबद्दल लिहिलं. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत कितीतरी शोधांत ते ख्रिसमसच्या हंगामात पहिले येत होते, आणि त्यामागे विषयाशी संबंध नसलेल्या शेकडो साइटवर पेरलेल्या हजारो लिंक्स होत्या. गूगलने हाताने, म्हणजे यंत्रणेवर न सोडता माणसांकरवी, कारवाई केली. सॅमसोनाइटच्या एका बॅगेच्या शोधात ते संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर होते, दोन तासांनी एकाहत्तराव्या.

ती बातमी मी तेव्हा वाचली होती, तरीही माझं चुकलं. मी एका पैठणीच्या दुकानाची साइट सांभाळत होते आणि एका पुरवठादाराकडून लिंक्सचं पॅकेज घेतलं होतं. वर्षभर साइट पहिल्या पानावर होती. २४ एप्रिल २०१२ ला गूगलने पेंग्विन आणलं, म्हणजे अशा पेरलेल्या लिंक्स पकडणारा शोधयंत्रणेतला बदल, इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला, आणि आमची साइट पाचव्या-सहाव्या पानावर गेली. लग्नसराई होती. मालकांचा फोन आला, ते ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "ताई, फोन का वाजत नाही?" मला उत्तर माहीत होतं.

पुढचे आठ महिने मी ब्लॉगवाल्यांना पत्रं लिहीत होते: आमच्या कमेंट कृपया काढा. एका गृहस्थांनी उत्तरात फक्त त्यांच्या लेखाचा पत्ता पाठवला. आईच्या शेवटच्या आजारपणावर लिहिलेला लेख होता. त्याखाली चौदा कमेंट होत्या, त्यातल्या सहा आमच्या साड्यांच्या. त्यांनी नंतर कमेंटची सोयच बंद केली. माझ्या ओळखीच्या तीन मराठी ब्लॉगरांनीही याच कंटाळ्याने ती बंद केली. लिहिणाऱ्याला वाचक भेटण्याची ती जागा होती. हे नुकसान कुठल्याही रँकिंगच्या आकड्यात दिसत नाही, आणि मला ते सगळ्यात जास्त लागतं.

आजचं चित्र थोडं वेगळं आहे, तेही सांगते. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेतच आहे, आणि खराब लिंक दिसली की साइटला खाली ढकलण्यापेक्षा ती लिंक मोजायचीच नाही, असा त्याचा कल आहे. त्यामुळे पॅकेज घेतलं तर साइट गायबच होईल असं मी म्हणणार नाही. बहुधा सहा हजार वाया जातील, एवढंच. पण हाताने होणारी कारवाई अजूनही आहे, आणि ती झाली तर निस्तरायला महिने जातात.

तुमच्याकडच्या कमेंटसाठी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं 'डिस्कशन' पान उघडा. दोन लिंक असलेली कमेंट आपोआप अडवली जाते, तो आकडा एक करा. आधी मंजूर झालेली कमेंट नसेल तर नवीन माणसाची कमेंट थांबवायची, ही खूण चालू ठेवा. जुन्या लेखांवर कमेंट बंद करण्याचा पर्याय तिथेच आहे आणि सर्वाधिक स्पॅम जुन्या लेखांवरच येतो. पिंगबॅक, म्हणजे दुसऱ्या साइटने लिंक दिली की लेखाखाली आपोआप पडणारी नोंद, बंद करा. अकिस्मेट हे स्पॅम गाळणारं प्लगइन लावा, पण होमस्टेची साइट व्यावसायिक धरली जाते, तेव्हा त्याचे दर आधी पाहून घ्या. आठवड्यातून एकदा स्पॅमचं फोल्डर चाळा, एखादा खरा पाहुणा त्यात अडकलेला असतो.

आणि खऱ्या लिंक? तुमच्यासाठी त्या गुहागरमध्येच आहेत. धोपावे-दाभोळ फेरीबोटीत गाडी कशी चढवायची, पहिली-शेवटची फेरी किती वाजता, पावसाळ्यात काय होतं, हे एका पानावर लिहा आणि वेळा बदलल्या की पान बदला. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस हेच शोधत असतो. कासवांवर लिहा: गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, २०२३ मध्ये इथल्या कासवांना उपग्रह टॅगही लावले होते. पिल्लं पाहायला येणाऱ्याने किनाऱ्यावर काय करू नये, हे तुमच्याइतकं नीट शहरातला कोण सांगणार? अशा पानाला प्रवासावर लिहिणारे स्वतःहून लिंक देतात. गूगलच्या नकाशावरची नोंद पूर्ण करा, खोल्यांचे खरे फोटो टाका, येऊन गेलेल्या पाहुण्यांना दोन ओळी लिहायला सांगा. चार खोल्या भरायला एवढं बॅकलिंक्सपेक्षा जास्त कामाचं आहे.

एक राहिलं. मागच्या वर्षी आधीच्या वेब डिझायनरने 'काहीतरी एसईओ' केलं होतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात 'मॅन्युअल ॲक्शन्स' (हाताने केलेली कारवाई) हे पान उघडा. तिथे काही नसेल तर जुन्या लिंक्सना हात लावू नका, डिसअव्हाउ फाइल, म्हणजे 'या लिंक मोजू नका' असं गूगलला सांगणारी यादी, उगाच भरायची नसते. काही लिहिलेलं असेल तर ते इथे जसंच्या तसं टाका, मग कुठल्या साइट त्या फाइलमध्ये घालायच्या ते आपण एकेक करून बघू.