३८१६५४७२९ : भारी आहे, पण एकच काऊन?

तुझा मेसेज पाहिला. ३८१६५४७२९, खाली तीन इमोजी आणि "सर भारी आहे ना", बस एवढंच. भारी आहेच गं. १ ते ९ सगळे आकडे एकेकदाच, आणि डावीकडून पहिले दोन घेतले तर ३८ ला २ नं भाग जातो, ३८१ ला ३ नं, ३८१६ ला ४ नं, असं करत करत शेवटी अख्ख्या नंबरला ९ नं. पण तिथंच थांबू नको. असा नंबर हा एकच आहे, दुसरा नाहीच, हे स्वतः कागदावर काढ.

आणि लगेच मोबाईलवर कोड चालवू नको बाप्पा. नऊ आकडे मांडायच्या ३,६२,८८० तऱ्हा होतात, मशीन सगळ्या तपासून उत्तर देईन, पण एकच काऊन ते काही सांगणार नाही. सध्या वेचणी सुरू आहे, दिवसा तुला वेळ नसंल, रात्री कर, घाई कोणाला आहे.

सुरुवात मधून कर. पाचव्या जागी ५ च येणार, कारण ० नाहीये. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम आकड्यांची, म्हणजे १, ३, ७, ९ उरलेल्या विषम जागांवर गेले. आता ४ ची कसोटी लाव, तिसरा अंक विषम आहे म्हणून चौथा २ नाहीतर ६ च असू शकतो. ८ ची कसोटी लावली की आठव्या जागेचंही तसंच निघतं (सहावा अंक सम आहे, त्यामुळं सातवा-आठवा मिळून जी दोन अंकी संख्या होते तिलाच ८ नं भाग जायला पाहिजे, हे नीट पाय, इथंच पोरं घसरतात). मंग ४ आणि ८ राहिले दुसऱ्या अन् सहाव्या जागेला. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात, पहिल्या सहांचीही, म्हणून मधल्या तिघांचीही, तर मधे २५८ किंवा ६५४ एवढंच बसतं. ९ ची काळजीच नाही, सगळ्यांची बेरीज ४५ आहे, कसेही मांडा.

एवढ्यात साडेतीन लाखांवरून गाडी १० नंबरांवर येते. दहाच! ते मी देत नाही, तू काढ, त्यात ९८७६५४३२१ पण सापडंल.

राहिला ७. त्याची सोपी कसोटी नाही, क्लासवाले काही ट्रिक सांगतात पण ती लक्षात ठेवण्यापेक्षा सरळ भागाकार लवकर होतो असं माझं मत. दहाही नंबरांचे पहिले सात अंक घे आणि ७ नं भाग. नऊ ठिकाणी बाकी उरते, ३८१६५४७ ला ५,४५,२२१ येऊन बाकी शून्य. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, तरी कर, कारण विभाज्यतेच्या कसोट्या तू पाचवीपासून पाठ केल्या पण सगळ्या एकदम एकाच नंबरवर कधी लावल्या नसतील.

जड वाटलं तर आधी १ ते ६ एवढेच आकडे घेऊन सहा अंकी नंबर बनव, नियम तोच. त्याची दोन उत्तरं येतात. दोन्ही आले की कागदाचा फोटो पाठव, नुसतं उत्तर नको, खोडाखोडीसकट पाठव.