अण्णा म्हणतात, घर पाडून बांधू : वीस लाख द्यायचे का?

प्रश्न : वय ३९, पुण्यात नोकरी. २०१४ मध्ये आंतरजातीय लग्न केलं, तेव्हापासून वडील (अण्णा, वय ७२, निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक) बोलत नव्हते. आई (६७, मधुमेह) चोरून फोन करायची. गेल्या गणपतीत त्यांनी स्वतः आम्हा तिघांना सांगली जिल्ह्यातल्या घरी बोलावलं. आता म्हणतात, आजोबांनी जागा घेऊन बांधलेलं जुनं घर पाडून दुमजली बांधू. खर्च ४० लाख, निम्मे ते घालतील, निम्मे मी. ‘घर शेवटी तुझंच आहे.’ आजोबा १९८८ मध्ये गेले. अण्णांना पेन्शन ३८ हजार, बँकेत २४ लाख. माझा हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार, गृहकर्जाचा हप्ता ४६ हजार, घरखर्च ४८ हजार, एसआयपी २० हजार, एफडी २२ लाख, मुलगी सहा वर्षांची. बायको म्हणते, ज्या घराचा उंबरा दहा वर्षं ओलांडू दिला नाही, त्यात वीस लाख? ताई कोल्हापूरला असते. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या अँजिओप्लास्टीचे २ लाख ६० हजार तिनेच भरले. एफडी मोडू की टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज) काढू?

उत्तर : दोन्ही नको. पण अण्णांना ‘नाही’ही म्हणू नका. त्यांच्या एका मागणीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत : म्हातारपणाची सोय आणि घराची मालकी. सोयीला आजच पैसे घाला. मालकीचा विषय कागद बघेपर्यंत थांबवा.

आधी तुमची बाजू. दरमहा तुमच्याकडे २१ हजार उरतात. वीस लाखांचं टॉप-अप कर्ज १४ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता जवळपास २१ हजार बसतो. म्हणजे सगळी शिल्लक गेली, आणि वर १५ लाखांच्या आसपास व्याज. गृहकर्जात पत्नी सहकर्जदार असेल तर टॉप-अपवर तिची सही लागेल. तिला न सांगता यातलं काही होणार नाही, आणि होऊही नये. एफडी मोडायची तर २२ लाखांतले सहा लाख हात न लावण्याचे; सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ता तेवढा होतो. उरले १६. वीस लाख तुमच्याकडे नाहीतच.

अण्णांची बाजू मला जास्त काळजीची वाटते. ७२ व्या वर्षी २४ लाखांतले २० विटा-सिमेंटमध्ये घातले की हातात चार राहतात. कंत्राटदाराच्या अंदाजात कुंपण, शोषखड्डा, मोटर, वीजजोडणी बहुतेक वेळा धरलेली नसते, ते चारही तिथेच जातील. पुढचं आजारपण कोणाच्या अंगावर येणार, हे वेगळं सांगायला नको. शिवाय गुडघे धरलेल्या दोन माणसांना वरचा मजला कशाला?

आता ‘घर तुझंच आहे’ याचा हिशेब. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर ती जागा एकट्या अण्णांची नाही. आजी त्या वेळी हयात असेल तर तिचा, आणि काका-आत्या असतील तर त्यांचाही हिस्सा निघतो. वारसनोंद फक्त अण्णांची झाली असली तरी आत्यांचा हक्क आपोआप संपत नाही. म्हणून सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. घर गावठाणात असेल आणि हाती फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असेल, तर तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

सगळं अण्णांच्या एकट्याच्या नावावर निघालं असं धरू. तरीही त्यांच्या जागेवर तुम्ही पैसे घालून बांधलेली भिंत तुमची होत नाही. ते मृत्युपत्राशिवाय गेले तर आई, ताई आणि तुम्ही समान वारस. वीस लाख घालून हाती एक तृतीयांश. त्यात ताईचं काही चुकणार नाही, तो तिचा कायदेशीर हिस्साच आहे. तुम्ही ‘मी पैसे घातले’ म्हणाल, ती ‘मी दवाखाने केले’ म्हणेल, आणि दोघंही खरं बोलत असाल. असले वाद वडील गेल्यावर बाराव्या-तेराव्यालाच उभे राहतात.

ताईकडून हक्कसोडपत्र घेऊ, असं कोणी सुचवेल. अण्णांच्या एकट्याच्या मालकीच्या मिळकतीत ते हयात असताना ताईचा हक्क निर्माणच झालेला नाही, मग ती सोडणार काय? अशा कागदाला अर्थ नाही, आणि दहा वर्षं ज्या बहिणीने आईवडिलांचं केलं तिच्यापुढे तो ठेवणं म्हणजे एक तुटलेलं नातं सांधताना दुसरं तोडणं. उलट तुमच्याकडून पहिला व्यवहार ताईशी व्हायला हवा. अँजिओप्लास्टीचे निम्मे, १ लाख ३० हजार, तिला देऊ करा. सहा-सात महिन्यांची शिल्लक आहे ती. ती बहुधा घेणार नाही. तरी विचारा, आणि अण्णांच्या देखत नको.

सोयीचा भाग असा करा. १६ लाखांतले पाच लाख जुन्या घराच्या दुरुस्तीला : गळणारं छत, जुनी वायरिंग, कमोड, न्हाणीत न घसरणारी फरशी आणि धरायला दांड्या. हे पैसे परत येणार नाहीत असं धरूनच द्या. कंत्राटदाराला थेट बँकेतून द्या, रोख नको. वडिलांना दिलेल्या भेटीवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. तीन लाख आईवडिलांच्या दवाखान्यासाठी, पण तुमच्या नावावर वेगळ्या एफडीत. उरलेले आठ लाख मुलीचे. त्यांना कोणत्याही भावनेच्या भरात हात लावू नका.

अण्णांचे वीस लाख त्यांच्याच नावावर राहू द्या, फक्त जागा बदला. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार मिळतात. मुदत पाच वर्षं. दोन वर्षांनंतर मोडलं तर मुद्दलाचा १ टक्का कापतात, एक ते दोन वर्षांच्या मधे दीड टक्का. खातं आईबरोबर संयुक्त काढा. अण्णांच्या पश्चात आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल, पण ते साधारण तीन पंचमांश, म्हणजे २३ हजारांच्या घरात. तेव्हा हे व्याज तिच्या कामी येईल. पेन्शनच्या कागदात आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे आत्ताच तपासा. तिथे एका अक्षराचा फरक असला तरी विधवेला महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात.

आरोग्याचं : अण्णा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. आई अजून त्यात बसत नाही. तुमच्या कंपनीच्या गटविम्यात आईवडिलांना घेता येत असेल तर पुढच्या नूतनीकरणाला नावं घाला. इतकी वर्षं बोलणंच नव्हतं, तर बहुधा ती कधी घातली गेली नसतील. जुने आजार अशा विम्यात बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरतात. मात्र नोकरी सुटली की तो जातो, म्हणून आईची वेगळी पॉलिसीही घ्या आणि मधुमेह लपवू नका. जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. लपवला तर दावा फेटाळला जातो.

हे अण्णांना सांगायचं कसं? इतकं कडवट बोलणं-न बोलणं झाल्यावर ‘चुकलो’ म्हणणं त्यांना जमत नसेल, म्हणून ते बांधकामाच्या भाषेत बोलत असावेत. तुम्हीही त्याच भाषेत उत्तर द्या : ‘अण्णा, पाडायचं नंतर बघू. छत आणि न्हाणीघर दिवाळीआधी मी करून घेतो. उतारा मात्र ताईला बोलावून सगळे मिळून बघू.’ पत्नी सोबत असू द्या, आणि फरशीचा रंग तिला ठरवू द्या. तिचा आक्षेप हिशेबानेही बरोबर आहे, पण त्यात जे दुखणं आहे ते एफडीने भरणार नाही.

वर्षभराने सगळ्यांनाच नवं घर हवंसं वाटलं, तर पाया खणण्याआधी कागद. तुम्ही जेवढे पैसे घालाल त्या प्रमाणात हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने तुमच्या नावावर हवा. मृत्युपत्रावर विसंबू नका, ते अण्णा केव्हाही बदलू शकतात. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. ही सवलत मुलगा हयात असताना सुनेला मिळत नाही, त्यामुळे पत्नीचं नाव लावायचं तर आधी तुमच्या नावावर आणि मग तुमच्याकडून तिला. अण्णांनी पूर्ण घर मात्र कोणालाही बक्षीस देऊ नये, तुम्हालासुद्धा. उरलेल्या हिश्श्याचं त्यांनी मृत्युपत्र करावं, ताईला काय ते त्यात लिहावं. दोन साक्षीदार लागतात, ते वारसांपैकी नसलेले बरे. बक्षीसपत्रात आईवडिलांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि त्यांना सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. ती अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. हे कलम तुम्ही स्वतःहून सुचवलंत तर अण्णांना तुमचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

एफडीच्या पावत्या मोठ्या रकमेच्या असतील तर सगळ्या मोडू नका. मुदत आधी संपणारी पावती दुरुस्तीला वापरा, बाकीच्या तशाच चालू द्या.