विजापूर ऐकत पाहताना

सोलापूरहून सकाळच्या गाडीने आदिलशाहीची राजधानी पाहायला प्रथमच निघणार असाल, तर ऑडिओ गाइड आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि इअरफोन एकाच कानात ठेवा, कारण दुसरा कान रस्त्यावरच्या वाहनांसाठी मोकळा हवा.

आरंभ गोल घुमटापासून करावा. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या महंमद आदिलशहाच्या या समाधीत गर्दी वाढण्यापूर्वी, कोपऱ्यातील मनोऱ्याचा अरुंद जिना चढून वरच्या सज्जात पोहोचा आणि तेथे मात्र ध्वनिफीत बंद करा. भिंतीशी तोंड नेऊन सोबत्याने हळूच उच्चारलेला शब्द समोरच्या बाजूला जसा स्पष्ट उमटतो, तसे कोणतेही निवेदन तुम्हाला समजावू शकणार नाही.

मलिक-ए-मैदान तोफेपाशीही असेच थांबा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यावरून येथे आणली गेली, हे ऐकून मला आजही आपलेपणा वाटतो. तिच्या तोंडाशी सिंहाचा वासलेला जबडा आहे. त्यात सापडलेला हत्ती जवळ जाऊन शोधा.

बारा कमान ही अपुरी राहिलेली समाधी थोडक्यात पाहिली तरी चालेल, परंतु इब्राहिम आदिलशहाच्या समाधीच्या, म्हणजे इब्राहिम रोजाच्या, जाळीदार अक्षरांच्या खिडक्यांसाठी दुपारनंतरचा निवांत तास अवश्य राखून ठेवा.